चौथी वही

समुद्रपूर,
१२ मार्च १९५५

चि. प्रेमदास यास वच्छलाबाईचे अनेक उत्तम आशीर्वाद, आणि त्यातले निम्मे परत घ्यावेत इतका राग.

होळीला तुझ्याकडे पुलगावला तीन दिवस राहिले आणि तोंड दाबून परत आले. शकु समोर होती. नवऱ्याची अब्रू मोठ्या नणंदेनेच काढली असती तर तिला आणखी जोर चढला असता. आता मी माझ्या घरी आहे, टाकात शाई आहे, तेव्हा ऐक.

जवारीची कोठी पडवीत आणि पुस्तकांच्या पेट्या घरात, असा संसार मी उभ्या जिल्ह्यात पाहिला नाही. पडवीतल्या जवारीत मांजरीने पिलं घातली. तीच तिने पुस्तकांत घातली असती तर तू तिला पुलगावच्या हद्दीबाहेर सोडून आला असतास. पुस्तकं तरी कसली? एकाला पाठ नाही. एकात वाळवीने सेनापतीचं नाक खाल्लं आहे. एकाचा दुसरा खंड आहे आणि पहिला नाही, म्हणजे तुझी लढाई मधूनच सुरू होते. सगळी एकाच विषयावर: अमेरिकेत शंभर वर्षांमागे गोरे आपसांत लढले त्या यादवीवर. त्या लढाईत आपला कोणता मामा पडला होता ते एकदा कळव, म्हणजे सुतक तरी पाळू.

मोतीलाल रद्दीवाला तुला रस्त्यावर पाहून गादीवरून उठून उभा राहतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं. आपल्या माणसासाठी गादीवरून उठणारा शेटजी मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. तो तुला किती लुटत असेल हे त्यावरूनच समज. दिवसभर दारूगोळ्याच्या डेपोत कारकुनी करतोस ती पुरत नाही म्हणून घरी आल्यावरही तोफाच!

आपले वडील पलटणीत होते. चार वर्षं त्यांनी खरी बंदूक खांद्यावर वाहिली. लढाईचं एक पुस्तक त्यांनी विकत घेतल्याचं मला आठवत नाही.

शकुला आशीर्वाद. तुला पुढच्या पत्री, सुधारलास तर.

तुझी बहीण,
वच्छला

*

पुलगाव,
२७ मार्च १९५५

तीर्थस्वरूप गं. भा. बाई यांस प्रेमदासचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र पावलं. शकुला वाचून दाखवलं. तिने सगळं दोनदा वाचायला लावलं आणि मांजरीचा मजकूर तीनदा. कोठी आत घेतली आहे. पेट्याही आतच आहेत. आता आम्ही दोघं पडवीत निजतो.

बाई, हे कसं सुरू झालं ते तुला कधी सांगितलं नाही. सत्तेचाळीस साली एक इंग्रज साहेब विलायतेला परत जाताना पेट्याच्या पेट्या मोतीलालला वजनावर देऊन गेला. त्याला त्याच एका लढाईचं वेड होतं. मी तिथे डिक्शनरी घ्यायला गेलतो. हाताला आलेलं एक पुस्तक उघडलं तर आत फोटो: काळे शिपाई, दोन रांगा, पितळी बटणं, हातात बंदुका. गोऱ्यांच्या लढाईत हे कुठून आले? आपल्या घरी वडिलांचा पलटणीतला फोटो होता ना, तसेच ताठ उभे. तू तेव्हा मोठी होतीस, तुला माझ्याहून नीट आठवत असेल. पहिल्या महायुद्धात गरज होती तेव्हा महारांची पलटण उभारली, आणि गरज सरल्यावर मोडली. वडील एकवीस साली बटणांचा कोट घालून गावात आले, आणि आठ दिवसांत पाटलाने त्यांच्या हातात वेसकराची काठी परत दिली. मला तेवढंच पाहायचं होतं की त्या दुसऱ्या देशात बंदूक खाली ठेवल्यावर या माणसांच्या हातात काय दिलं.

पण पुस्तकं सांगतात तरी काय? बाई, सेनापतींसारखी खोटारडी जात नाही. मैदानात हरलेला सेनापती पुस्तकात जिंकतो, हे मी एकतीस पुस्तकं वाचून शिकलो. एक म्हणतो पाऊस आला, दुसरा म्हणतो शेजारचा सेनापती आला नाही. घोडा मेला तर त्याचं नाव, वय, रंग. त्याच्या मोतद्दाराचं नावच नाही. काळ्या शिपायांबद्दल चारशे पानांत चार ओळी सापडतात. त्या ओळी मी वेचून ठेवतो. तीन वह्या लढाईच्या हकिगतीच्या झाल्या, चौथी फक्त या शिपायांची. सगळं मराठीत लिहितो. नव्या वहीच्या पहिल्या ओळीत मागच्या वहीचं शेवटचं वाक्य उतरवून घेतो, म्हणजे धागा तुटत नाही.

तू हसशील. हस.

आज्ञाधारक,
प्रेमदास

*

पुलगाव,
२० नोव्हेंबर १९५५

ती. गं. भा. बाईस शि. सा. नमस्कार.

एक आनंदाची बातमी. वर्ध्याचे वकील प्रभाकरराव तुला ऐकून माहीत असतील, मासिकांतून इतिहासावर लिहितात ते. त्यांनाही याच लढाईच्या पुस्तकांचा नाद आहे. मोटार घेऊन ते मोतीलालकडे आले, तर त्याने सांगितलं की साहेबाच्या पेट्या डेपोतला एक कारकून घेऊन गेला. त्यांनी मला रविवारी बंगल्यावर बोलावलं.

बाई, काचेची सात कपाटं! तुला ज्या दुसऱ्या खंडावरून हसू आलं त्याचा पहिला खंड त्यांच्याकडे आहे. मी तो उभ्याउभ्याच दोन तास वाचला. त्यांनी विचारलं की तुम्हाला हे इंग्रजी समजतं का. मी वह्या दाखवल्या. त्यांनी पानं उलटली. मग म्हणाले की मराठीत या विषयावर पुस्तकच नाही, आपण दोघांनी मिळून केलं पाहिजे. 'आपण दोघांनी' हे त्यांचेच शब्द. मी चारही वह्या ठेवून आलो. चहा दिला. बाकी मंडळींना कपबशा होत्या, मला खिडकीतला पेला. बहुधा कप कमी पडले असावेत.

शकु नमस्कार सांगते. तिला हे वकील आवडलेले नाहीत, पण तिने त्यांना पाहिलेलंही नाही.

तुझा,
प्रेमदास

*

समुद्रपूर,
५ डिसेंबर १९५५

चि. प्रेमदास यास आशीर्वाद, आणि थोडी अक्कल मिळो.

सात कपाटं आहेत आणि कप कमी पडले! काय बिचारी गरिबी त्या वकिलाची. पेला विसळून परत खिडकीत ठेवला की नाही, हे पाहिलंस का? की तेव्हा तू पहिल्या खंडात होतास?

तुझ्या पुस्तकांवर मी हसते तो माझा हक्क आहे, कारण मी तुला कडेवर वागवलं आहे. पण वह्या तू दोन वर्षं डोळे फोडून लिहिल्यास. त्या दुसऱ्याच्या घरी ठेवून येताना पावती तरी घेतलीस? डेपोत एक खिळा गेला तरी तीन सह्या घेणारा माणूस तू. मास्तरणीच्या अनुभवाने सांगते, वर्गात जो पोरगा 'आपण दोघं मिळून करू' म्हणतो, तो दुसऱ्याच्या पाटीवरून उतरवतो.

वह्या परत आण. शकुला माझा विशेष आशीर्वाद. घरात एकच शहाणी आहे.

वच्छला

*

समुद्रपूर,
२१ ऑक्टोबर १९५६

चि. प्रेमदास यास जयभीम.

नागपूरच्या त्या गर्दीत तू, शकु आणि मी एका ओळीत उभं राहून दीक्षा घेतली, त्याला आज आठ दिवस झाले. शाळेत हेडमास्तरांनी विचारलं की बाई, आता तुम्हाला वेगळं काय वाटतं? मी म्हटलं, कालपर्यंत तुम्ही विचारत नव्हता, आज विचारता, एवढं वेगळं वाटतं.

एक काम कर. पत्रात माझ्या नावामागे 'गं. भा.' लिहितोस ते आता सोड. नवरा मेला म्हणून मी गंगाही झाले नाही आणि भागीरथीही. मी नदी नव्हे, मास्तरीण आहे.

आणि तुझ्या वकिलाने वर्ष होत आलं तरी वह्या दिल्या नाहीत, हे शकुच्या तोंडून कळलं. तू सांगितलं नाहीस. लाज वाटते ना? वाटू दे, औषधी असते.

वच्छला

*

पुलगाव,
१८ नोव्हेंबर १९५६

ती. बाईस प्रेमदासचा जयभीम. बघ, नद्या काढल्या.

वर्ध्याला तीन चकरा मारल्या. दोनदा वकीलसाहेब कोर्टात होते, तिसऱ्यांदा घरात असून कोर्टात होते. परवा त्यांच्या गड्याने एक वही आणून दिली. चौथी. बाकी तिन्हींचं काम चालू आहे असा निरोप. वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी निळ्या पेन्सिलीने एक शब्द लिहून खाली सही केली आहे: 'विषयांतर'.

बाई, त्या वहीत काय आहे ते तुला माहीत नाही. सुरुवातीला सरकारने या माणसांना भरतीच करून घेतलं नाही, ही गोऱ्यांची लढाई आहे म्हणून. माणसं कमी पडली तेव्हा घेतलं, पण पगार गोऱ्या शिपायाच्या निम्म्याहून जरासा जास्त. तेव्हा दोन पलटणींनी पगाराला हातच लावला नाही. दीड वर्ष! लढले, मेले, पण अपुरा पगार घेतला नाही. त्यांच्या राज्याने सांगितलं की फरकाची रक्कम आम्ही भरतो, तीही परत पाठवली. भीक नको, हिशेब बरोबर करा, म्हणाले. शेवटी सरकार नमलं. हे विषयांतर.

वही तुझ्याकडे पाठवतो आहे. इथे मला तो निळा शब्द सारखा दिसतो.

तुझा,
प्रेमदास

*

पुलगाव,
३ एप्रिल १९५७

ती. बाईस जयभीम.

पुस्तक निघालं. जाड कापडी बांधणी, वर सोनेरी अक्षरं आणि प्रभाकररावांचं नाव. स्टेशनवरच्या दुकानात पाहिलं आणि विकत घेतलं. जन्मात पहिल्यांदा नवं पुस्तक घेतलं, तेही माझंच.

तिन्ही वह्या आहेत त्यात. मी जिथे चुकलो तिथे तेही चुकले आहेत. एका नदीचं नाव मी घाईत उलटसुलट लिहिलं होतं, ते तसंच छापलं आहे. तिसऱ्या वहीचं शेवटचं वाक्य पुस्तकाचं शेवटचं वाक्य झालं आहे: 'मैदानात हरलेला सेनापती पुस्तकात जिंकतो.' आभारात माझं नाव नाही. 'पुलगावच्या एका होतकरू हरिजन गृहस्थाने जुनी पुस्तकं वाहून आणण्याचे कामी मदत केली' असं आहे. हमाली लागली माझी.

ते मी गिळलं असतं. पण काळ्या शिपायांची एक ओळही नाही. गुलामांना कसं सोडवलं, तर थोर पुढाऱ्यांच्या मनात दया आली आणि साखळ्या गळून पडल्या, असं एक पान आहे. ते पान मात्र त्यांचं स्वतःचं आहे. मी असं लिहूच शकलो नसतो.

येत्या शनिवारी वर्ध्याच्या सभागृहात त्यांचा सत्कार आहे. मी जाणार नाही. चार माणसांत मला बोलता येत नाही, तुला माहीत आहे.

प्रेमदास

*

समुद्रपूर,
८ एप्रिल १९५७

चि. प्रेमदास यास जयभीम आणि आशीर्वाद.

तू गेला नाहीस. मी गेले.

मोटारीने हिंगणघाट, तिथून गाडीने वर्धा. पिशवीत दशम्या आणि चौथी वही. सभागृहात बायकांच्या बाजूला सहा खुर्च्या, तीन रिकाम्या. हार झाले, नारळ झाला. एकाने सांगितलं की प्रभाकररावांनी विलायती विद्येचा महासागर एकट्याने पोहून पार केला. वकीलसाहेब मान खाली घालून लाजत होते. चोराला लाजता येतं हे मला नवीन होतं.

शेवटी अध्यक्षांनी रीत म्हणून विचारलं की कुणाला काही शंका? मी उभी राहिले. पिशवीतून वही काढली. म्हटलं, मी समुद्रपूरच्या शाळेत शिकवते. त्या लढाईत पावणेदोन लाखांवर काळे शिपाई लढले, ते तुमच्या पुस्तकात कुठल्या पानावर आहेत? साहेब हसले. म्हणाले की बाई, हा विद्वत्तेचा विषय आहे, असल्या गोष्टींनी ग्रंथाचा तोल जातो, आणि आपल्याला ही माहिती मिळाली कुठून? मी वही वर धरली. म्हटलं, माझ्या भावाच्या चौथ्या वहीतून. पहिल्या तीन तुमच्या नावाने छापल्या आहेत. हिच्यावर तुम्ही विषयांतर लिहून सही केली आहे. पावणेदोन लाख माणसांचं विषयांतर होतं कसं, एवढंच विचारायला मी आले.

एकच गलका झाला. कुणी म्हणालं, बाईंना बाहेर न्या. पुढच्या रांगेत रूपराव म्हणून म्हातारे पेन्शनर हेडमास्तर होते, त्यांनी हात पुढे करून वही मागितली. चष्मा पुसला, पहिली ओळ वाचली, तू तिसऱ्या वहीवरून उतरवलेली. मग शेजाऱ्याच्या मांडीवरचं नवं पुस्तक घेऊन शेवटचं पान उघडलं, आणि दोन्ही ओळी मोठ्याने वाचल्या, आधी वहीतली, मग पुस्तकातली. मैदानात हरलेला सेनापती पुस्तकात जिंकतो. मैदानात हरलेला सेनापती पुस्तकात जिंकतो. मागून एक जण हसला, आणि मग सगळं सभागृह हसलं. वकीलसाहेबांच्या गळ्यातला हार उगाच हलत होता. अध्यक्षांनी घाईघाईने आभार मानले.

आता एक कबुली. तुझी वही आली त्याच दिवशी मी ती वाचायला घेतली होती, खोड्या काढायला म्हणून. दुपारी शाळेत पोरींची उजळणी घ्यायची राहिली. तुझ्या पुस्तकांबद्दल मी जे बोलले ते सगळं खरं आहे, पण वहीबद्दल काही बोलले नव्हते, हे लक्षात ठेव.

वच्छला

*

पुलगाव,
१४ जुलै १९५७

ती. बाईस जयभीम.

शकुने दोन दिवस जेवण सोडलं आहे. तुझी बदली माझ्या वह्यांपायी झाली. शाळांच्या कमिटीवर वकीलसाहेबांचे व्याही आहेत हे आता कळलं. पिंपळझरी कुठे आहे हे डेपोतल्या नकाशातसुद्धा सापडलं नाही. मोटार पाच मैल अलीकडे थांबते म्हणतात. या वयात चिखलातून पाच मैल! मी पुस्तकं आजच मोतीलालला परत घालायला तयार आहे. तू म्हण फक्त.

काल वकीलसाहेबांचा माणूस आलता, भैयाजी नावाचा, तोंडात पान. म्हणाला की दुसरी आवृत्ती निघते आहे. साहेबांचं मन मोठं आहे. चौथी वही द्या, तेही प्रकरण घालू, आणि आतल्या पानावर 'साहाय्य: प्रेमदास' असं बारीक टाइपात छापू. बदलीचंही पाहता येईल. मी त्याला विचारलं की टाइप किती बारीक? तो म्हणाला, वाचता येईल एवढा. मी म्हटलं, मग साहेबांना सांगा, त्यांनी मला विषयांतर म्हटलं तेच बरं होतं, त्यात निदान अक्षर मोठं होतं. आणि दार लावून घेतलं.

बाई, चार माणसांत नाही, पण एका माणसापुढे मला बोलता येतं असं दिसतं.

पण बदलीचं तू सांग. तू म्हणशील तर वही देतो.

प्रेमदास

*

पिंपळझरी,
१९ ऑगस्ट १९५७

चि. प्रेमदास यास जयभीम.

वही दिलीस तर तुझं तोंड पाहणार नाही. पुस्तकं विकलीस तरीही. मला शिक्षा व्हावी म्हणून इथे टाकलं, आणि तू रडून ती शिक्षा पुरी करणार? शकुला म्हणावं, पुन्हा जेवण सोडू नको. तुझ्या उपासाने इथला चिखल वाळत नाही.

गाव तसं नकाशात नसण्यासारखंच आहे. शाळा म्हणजे कौलारू पडवी आणि फळा म्हणजे काळं फासलेलं दार. गावातली पोरं पहिला महिनाभर आली नाहीत. आता अकरा येतात. आपल्या वस्तीतली पहिल्या दिवसापासून येतात. वस्तीने दीक्षा घेतल्यावर मेलेली ढोरं ओढणं आणि पाटलाची वेसकरीची काठी धरणं सोडलं, त्यावरून गेल्या दिवाळीपासून होळीपर्यंत गावाने त्यांचं सगळं तोडलं होतं. काम नाही, दुकान नाही, चक्की नाही. शेवटी कपाशी बोंडांतच लोंबत राहिली, वेचायला शेजारच्या गावांतूनही कुणी येईना, तेव्हा पाटील स्वतः वस्तीत बोलावणं घेऊन आला. हे मला इथे आल्यावर कळलं. वर्ध्याच्या कुठल्या सभागृहात याचा सत्कार झाला नाही.

रविवारी दुपारी वस्तीतल्या बाया शाळेत जमतात. परवा त्यांना तुझी चौथी वही वाचून दाखवली, त्यांच्या बोलीत सांगत सांगत. दीड वर्ष पगार घेतला नाही इथवर आले, तेव्हा मागून सीताबाईने हात वर केला. साठीची बाई, हडकुळी, सगळ्यांना एकेरीत बोलते. म्हणाली, "थांब व बाई. दीड साल पगार घेतला नाई, तं त्याईच्या बायका-पोराईनं काय खाल्लं?" मी म्हटलं, वहीत नाही. ती म्हणाली, "मंग तुह्या भावाले इचार. एवढी पुस्तकं हायेत म्हंते, कोन्यात तरी असंन."

तेव्हा विचारते. एकतीस पुस्तकांत शोध.

वच्छला

*

पुलगाव,
८ सप्टेंबर १९५७

ती. बाईस जयभीम.

दोन आठवडे शोधलं. शकु शेजारी बसून पुस्तकं पुसून देत होती. एकतीसच्या एकतीस पालथी घातली. सैन्याने किती खेचरं नेली ते आहे. एका सेनापतीने पराभवाच्या सकाळी नाश्त्याला काय खाल्लं ते दोन पुस्तकांत आहे. त्या दीड वर्षात त्या बायकांनी काय खाल्लं ते माझ्या एकाही पुस्तकात नाही.

आणि खरं सांगू? मला हा प्रश्न सुचलाच नाही. दोन वर्षं मी सेनापतींना हसलो, वकिलाला हसलो, आणि माझ्या वहीतही एक बाई नाही. वकिलाच्या पुस्तकात माझं नाव नव्हतं, तसंच हे. मीही त्यांच्यातलाच निघालो.

सीताबाईंना सांग की पुस्तकांत नाही. मला माहीत नाही असंही सांग. वही लिहिणारा शरमला आहे म्हणावं.

तुझा,
प्रेमदास

*

पिंपळझरी,
२९ सप्टेंबर १९५७

चि. प्रेमदास यास जयभीम.

तुझं पत्र जसंच्या तसं वाचून दाखवलं. तू शरमलास हे ऐकून सीताबाई हसली. म्हणाली की शरमाले काय झालं, पुस्तकवाल्याईनं त्या बायाईले इचारलंच नसंन. मग मला म्हणाली, "कागद घे. त्याईनं काय खाल्लं ते मी सांगतो."

ती सांगत गेली, मी लिहीत गेले. पहिल्या महिन्यात घरात होत्या त्या जवारीच्या कण्या. चक्की बंद, म्हणून जात्यावर दळायचं, पण दळायलाच नाही तर जातं तरी काय करणार. मग वाळवलेला अंबाडीचा पाला. मग रानातली बोरं, आणि बोरं सरल्यावर वाळल्या बोरांचं कुटलेलं बोरकूट. मीठ गावात कुणी देईना, म्हणून सहा कोसांवरून मीठ आणायला ती आणि तिची सून जायच्या, आणि येताना अर्धं मीठ पाठीवरच्या घामाने ओलं व्हायचं. सुनेचं लहानगं त्यात गेलं. बाकीच्या बायाही मग बोलू लागल्या. पाच पानं झाली.

शेवटी मी सीताबाईला विचारलं की नवऱ्यावर राग नाही आला? माझे शब्द पुरे व्हायच्या आधी ती बोलली. तिचं बोलणं तसंच लिहिते:

"आला नाई तं काय. मी रोज सकायी त्याले म्हणो, जाय, पाटलाची काठी घेऊन ये, लेकरं मरून राह्यली. तो जाये नाई, भितीकडे तोंड करून बसे. मी रोज म्हणो, आन् रोज मनात म्हणो, गेलास तं घरात घेनार नाई. हे लिही. त्या सिपायाईच्या बायका बी असंच म्हणत असतीन."

पानं सोबत पाठवते आहे. चौथ्या वहीत पुढे जोड. एक शब्द सुधारशील तर याद राख.

तुझी,
वच्छला